ज्योचं लग्न कुणाशी लावायचं?

एखादी वेब सीरिज संपली की आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दोन दिवस युद्ध चालतं. हिरॉइननं याच्याबरोबर जायला हवं होतं की त्याच्याबरोबर, यावरून दोन तट पडतात. एक मैत्रीण तर चक्क आठवडाभर दुसरीशी बोलली नव्हती. आवडत्या पात्रांच्या अशा मनातल्या मनात जोड्या लावण्याला हल्ली ‘शिपिंग’ म्हणतात, आणि हा उद्योग आपल्याच पिढीनं काढला असं आपल्याला वाटतं.

तसं अजिबात नाहीये. १८६८ सालच्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या काँकॉर्ड नावाच्या गावात एका पस्तिशीच्या लेखिकेकडे पत्रांचा ढीग येत होता. पत्रं शाळकरी आणि कॉलेजच्या वयाच्या मुलींची होती. सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती. पुस्तकाच्या दुसऱ्या भागात ज्योचं लग्न शेजारच्या लॉरीशीच व्हायला पाहिजे.

लेखिकेचं नाव लुईसा मे अल्कॉट. पुस्तक ‘लिटिल विमेन’. शांता शेळक्यांनी ते ‘चौघीजणी’ या नावानं मराठीत आणलं, आणि तेव्हापासून मेग, ज्यो, बेथ आणि एमी या चार बहिणी आपल्याकडच्या कित्येक घरांमध्ये राहायला आल्या. माझ्या आईच्या कपाटातली प्रत इतकी वाचली गेलीये की तिचं मुखपृष्ठ कधीच गळून पडलंय.

लुईसाच्या काळात तरुण वाचकांसाठी लिहिणारे पुष्कळ होते. त्यातले काही तर तेव्हा तिच्याइतकेच खपत होते. मग तीच का उरली? याचं उत्तर शोधायला तिच्या आयुष्यातच शिरावं लागतं.

विचार उच्च, चूल थंड

लुईसाचा जन्म २९ नोव्हेंबर १८३२ चा, फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनचा. गंमत म्हणजे तिच्या वडिलांचा वाढदिवसही तोच. वडील ब्रॉन्सन अल्कॉट तत्त्वज्ञ आणि शिक्षक होते. मुलांना छडी मारायची नाही, पाठांतर लादायचं नाही, त्यांना प्रश्न विचारून बोलतं करायचं, असल्या त्यांच्या कल्पना होत्या. आज आपल्याला त्या साध्या वाटतात, पण तेव्हाच्या पालकांना त्या पचल्या नाहीत. बॉस्टनमधली त्यांची शाळा बदनाम झाली. पुढच्या शाळेत त्यांनी एका कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश दिला, तिला काढून टाकायला नकार दिला, आणि उरलेल्या पालकांनीही आपली मुलं काढून घेतली. माणूस तत्त्वाला पक्का होता. फक्त तत्त्वावर वाण्याचं बिल भागत नाही.

लुईसा दहा वर्षांची असताना, १८४३ मध्ये, वडिलांनी एका मित्राबरोबर फ्रुटलँड्स नावाची आदर्श वसाहत काढली. तिथे मांस नाही, दूध नाही, अंडी नाहीत. गुलामांच्या कष्टातून येतो म्हणून कापूस नाही. मेंढीचा हक्क म्हणून लोकर नाही. थंडीतसुद्धा अंगावर तागाचे कपडे. पुरुष मंडळी चर्चा करायची आणि भाषणं द्यायला गावोगाव जायची. घरातलं आणि शेतातलं काम लुईसाच्या आईच्या, ॲबिगेलच्या, गळ्यात पडायचं. हिवाळा आला तेव्हा खायला पुरेसं उरलं नव्हतं. सात महिन्यांत सगळा प्रयोग गुंडाळावा लागला.

हे सगळं मुलीनं टक्क डोळ्यांनी पाहिलं. पुढे तीस वर्षांनी तिनं या वसाहतीवर एक खुसखुशीत विनोदी लेखही लिहिला. पण त्या वेळी तिच्या मनात एक गोष्ट पक्की झाली असावी. या घरात कुणीतरी कमावतं असायला हवं, आणि ते वडील असणार नाहीत.

कुटुंब सतत घरं बदलत राहिलं. काँकॉर्डमधले शेजारी मात्र असे मिळाले की आज विश्वास बसू नये. विचारवंत इमर्सन पैशाची मदत करायचे आणि आपली पुस्तकं वाचायला द्यायचे. ‘वॉल्डन’वाले थोरो या मुलींना रानात फिरायला न्यायचे. म्हणजे लायब्ररी इमर्सनची, नेचर ट्रेल थोरोची आणि घरात खायची मारामार, असं हे बालपण.

मिळेल ते काम

लुईसानं काय काय केलं याची यादी वाचून दमायला होतं. शिकवण्या, शिवणकाम, लहान मुलं सांभाळणं. अठराव्या वर्षी तिनं एका घरी सोबतीण म्हणून नोकरी धरली. काम हलकं असेल, वाचून दाखवायचं असेल, असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात मालक तिला खोलीत बसवून नको इतकी सलगी करू लागला. तिनं ते ऐकून घ्यायला नकार दिल्यावर तिच्या वाट्याला बर्फ उपसणं, लाकडं फोडणं आणि शेवटी त्याचे बूट पॉलिश करणं आलं. सात आठवड्यांनी ती बाहेर पडली तेव्हा हातात पडले चार डॉलर. घरच्यांनी ते परत पाठवून दिले.

या अनुभवावर तिनं लेख लिहिला आणि जेम्स फील्ड्स या नामांकित संपादक-प्रकाशकाला दाखवला. त्यांचं मत पडलं की तिला लिहिता येत नाही, तिनं शिकवावं. वर शाळा काढायला चाळीस डॉलर उसने दिले. शाळा चालली नाही. लेखिका म्हणून नाव झाल्यावर लुईसानं ते चाळीस डॉलर फेडून टाकले. तो लेखही पुढे, १८७४ मध्ये, दुसरीकडे छापून आला. इंटर्न म्हणून माझे काही मजकूर केराच्या टोपलीत गेलेत, त्यामुळे मला ही गोष्ट जरा जास्तच आवडते.

दरम्यान घरावर आघात झाला. आई गरीब कुटुंबांना मदत करायची. अशाच एका घरातून धाकट्या एलिझाबेथला स्कार्लेट फीव्हर झाला. ती त्यातून पूर्ण सावरलीच नाही आणि १८५८ मध्ये गेली. ‘चौघीजणी’ वाचताना बेथसाठी आपण रडतो ना, ती ही. थोरली ॲना लग्न होऊन गेली, म्हणजे मेग. सगळ्यात धाकटी, चित्रकार मे, म्हणजे एमी.

१८६२ च्या डिसेंबरमध्ये, अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून पेटलेलं यादवी युद्ध चालू असताना, लुईसा वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाउनमध्ये लष्करी इस्पितळात नर्स म्हणून रुजू झाली. हॉटेलचं इस्पितळ केलेलं, हवा कोंदट, जखमींची रीघ. सहा आठवड्यांत तिलाच टायफॉइड झाला. त्या काळी त्यावर कॅलोमेल देत, म्हणजे पाऱ्याचं औषध. तापात तिचे लांब केस कापावे लागले. ती वाचली, पण तब्येत आयुष्यभरासाठी गेली. पाऱ्यामुळेच आपण खंगलो, असं ती पुढे मानत राहिली.

या आजारपणातून एक गोष्ट मात्र हाती आली. घरी पाठवलेल्या पत्रांवरून तिनं ‘हॉस्पिटल स्केचेस’ तयार केलं आणि १८६३ मध्ये ते छापलं गेलं. लोकांना ते आवडलं. तिला कळलं की परीकथा रचण्यापेक्षा, आपण जे डोळ्यांनी पाहिलंय ते साध्या भाषेत आणि थोडं हसत सांगितलं तर माणसं ऐकतात.

टोपणनावामागची बाई

याच वर्षांत ती आणखी काहीतरी लिहीत होती, आणि ते कुणाला सांगत नव्हती. साप्ताहिकांसाठी सनसनाटी कथा. सूड, फसवणूक, नशा, वेषांतर, कारस्थानी बायका. एका कथेला शंभर डॉलरचं बक्षीस मिळालं. चार डॉलरच्या नोकरीशेजारी ही रक्कम ठेवून बघा. यातल्या बऱ्याच कथा निनावी आल्या, काही ए. एम. बर्नार्ड या नावानं.

‘बिहाइंड अ मास्क’ ही १८६६ ची त्यातली गाजलेली कथा. एक गव्हर्नेस श्रीमंत घरात येते. गरीब, नम्र, एकोणीस वर्षांची. रात्री खोलीचं दार लावल्यावर ती खोटे केस आणि खोटे दात काढून ठेवते. आरशासमोर बसलेली असते तिशीतली एक नटी. तिला त्या घरातला पुरुष आणि पैसा हवा असतो, आणि कथेच्या शेवटी ती जिंकते. तिला शिक्षा वगैरे काही होत नाही.

हा बर्नार्ड म्हणजे लुईसा, हे जगाला कळायला १९४३ साल उजाडलं. दुर्मीळ पुस्तकांचा व्यवसाय करणाऱ्या लिओना रोस्टनबर्ग यांनी जुन्या पत्रव्यवहारातून तो उलगडा केला. तोवर सगळ्यांची लुईसा म्हणजे मुलांची गोड मावशी.

या कथांनी भाडं भरलं, कोळसा आणला. पण त्यांनी तिला आणखी एक गोष्ट दिली. वाचकाला पान उलटायला कसं लावायचं, प्रकरण कुठे तोडायचं, संवाद किती पळवायचा, हे ती तिथे शिकली. ‘लिटिल विमेन’ची भाषा इतकी सहज वाटते, त्याआधी हा वर्षानुवर्षांचा रियाज होता.

मुलींसाठी एक पुस्तक

१८६७ मध्ये बॉस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्सच्या थॉमस नाइल्सनी तिला मुलींसाठी पुस्तक लिहायला सांगितलं. मागणीत हिशेब होता. मुलांसाठी ऑलिव्हर ऑप्टिक या टोपणनावानं लिहिणारे विल्यम टेलर ॲडम्स धडाधड खपत होते. धाडस, जहाजं, प्रवास. मुलींसाठी तसं काहीच नव्हतं. होती ती उपदेशाची पुस्तकं, ज्यात चांगली मुलगी आज्ञा पाळते आणि वाईट मुलीचं वाटोळं होतं.

लुईसाला हे काम नको होतं. आपल्याला बहिणी सोडून मुली कधी आवडल्याच नाहीत आणि फारशा माहीतही नाहीत, असं तिनं डायरीत नोंदवलंय. ती टाळत राहिली. पण वडिलांना त्यांचं तत्त्वज्ञानाचं पुस्तक त्याच प्रकाशकाकडून काढायचं होतं, आणि पैशांची गरज तर कायमचीच. १८६८ च्या मे महिन्यात ती ऑर्चर्ड हाऊसमधल्या आपल्या खोलीत, दोन खिडक्यांमध्ये वडिलांनी बसवून दिलेल्या अर्धगोल फळीच्या टेबलावर लिहायला बसली. मुलींबद्दल काय लिहायचं सुचेना, म्हणून तिनं आपल्याच घरातल्या चौघी घेतल्या.

पहिली प्रकरणं नाइल्सना कंटाळवाणी वाटली. लुईसाचंही तेच मत होतं. मग नाइल्सनी ती आपल्या भाचीला वाचायला दिली, आणि पोरगी पुस्तक सोडेना. इथे मला नाइल्सना मार्क द्यावेसे वाटतात. आपल्याला नाही आवडलं तरी हे पुस्तक आपल्यासाठी नाहीच, हे त्यांना कळलं. आणखी एक प्रामाणिक सल्ला त्यांनी दिला. एकरकमी पैसे घेऊन हक्क विकू नकोस, कॉपीराइट स्वतःकडे ठेव. तिनं ऐकलं. त्या एका निर्णयानं अल्कॉट कुटुंबाची गरिबी संपवली.

जुलैच्या मध्यापर्यंत चारशे पानांचं हस्तलिखित तयार होतं. ३० सप्टेंबरला पुस्तक बाजारात आलं. पहिल्या आवृत्तीच्या दोन हजार प्रती बघता बघता संपल्या. आणि पत्रं सुरू झाली.

गाजलं कशामुळे?

एक तर जागा रिकामी होती, आणि ती तिथे वेळेवर पोचली. हे नशीब म्हणा किंवा मार्केटिंग. पण फक्त तेवढ्यानं भागत असतं तर ऑलिव्हर ऑप्टिकही आज आपल्या कपाटात असते. त्यांची शंभराहून जास्त पुस्तकं आली, आणि आज ती अभ्यासकांशिवाय कुणी उघडत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या चौघी भांडतात. खरोखरीच्या भांडतात. एमी रागाच्या भरात ज्योचं हस्तलिखित जाळून टाकते. ज्यो तिला माफ करत नाही, आणि दुसऱ्या दिवशी एमी बर्फ फुटून पाण्यात पडते तेव्हा ज्योला आपल्याच रागाची भीती वाटते. मेगला श्रीमंत मैत्रिणींसारखे कपडे हवे असतात. घरातली शहाणीसुरती आईसुद्धा कबूल करते की तिला जवळजवळ रोज राग येतो. उपदेश पुस्तकात आहे, भरपूर आहे, पण तो चुका करून झाल्यावर येतो. वाचणाऱ्या मुलीला पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी आपल्या खोलीत डोकावून लिहिलंय.

तिसरं कारण ज्यो स्वतः. तिला लिहायचंय, कमवायचंय, पळायचंय, आणि मुलगी आहेस म्हणून सावकाश चाल हे तिला झेपत नाही. फ्रान्सच्या सिमोन द बोव्हारपासून अमेरिकेच्या गायिका पॅटी स्मिथपर्यंत किती जणींनी आपण लहानपणी ज्यो होतो हे लिहून ठेवलंय. प्रत्येक पिढीत काही मुली पुस्तक वाचून ठरवतात की आपण ज्यो आहोत. एमी आहोत असं सहसा कुणी कबूल करत नाही!

आणि एक बारीक गोष्ट. कादंबरीतले वडील पहिल्या भागात बराच काळ घरी नसतात, युद्धावर गेलेले असतात. खऱ्या आयुष्यात युद्धावर मुलगी गेली होती आणि वडील घरी होते. लुईसानं ही अदलाबदल केली, आणि घर पूर्णपणे बायकांच्या ताब्यात आलं. त्या घरात निर्णय त्या घेतात, पैसे त्या मोजतात, नाटकं त्या बसवतात. पुस्तकातली सगळी मजा तिथून येते.

लग्नाचा प्रश्न

आता त्या पत्रांकडे येऊ. नोव्हेंबरमध्ये तिनं दुसरा भाग लिहायला घेतला, दिवसाला एक प्रकरण या वेगानं. तिच्या मते ज्योनं लग्नच करायला नको होतं. स्वतः लुईसा अविवाहित होती, आणि आपली नाव आपणच वल्हवत राहण्यात तिला आनंद होता. पण प्रकाशकाला लग्न हवं होतं आणि वाचकांना तर लॉरीच. मुलीच्या आयुष्याचा शेवट एकाच ठिकाणी होतो, या समजुतीचा तिला संताप यायचा.

तिनं मधला मार्ग काढला, आणि तो कुणालाच आवडू नये अशा बेतानं काढला. लॉरीनं ज्योला मागणी घातली. ज्यो नाही म्हणाली. लॉरीचं लग्न एमीशी झालं आणि ज्योसाठी तिनं उभा केला प्रोफेसर भेअर. जर्मन, वयानं बराच मोठा, गबाळा, खिशात पैसे नसलेला. १८६९ च्या एप्रिलमध्ये दुसरा भाग आला, आणि त्याच्यावरचा वाद दीडशे वर्षांत थांबलेला नाही. २०१९ च्या ग्रेटा गर्विगच्या सिनेमात तर हाच झगडा दाखवलाय. ज्यो आणि तिचा प्रकाशक शेवटावरून घासाघीस करतात, आणि खरं लग्न झालं की फक्त पुस्तकात झालं, हे आपल्यावर सोडलंय.

मला वाटतं, तिनं त्या मुलींचं ऐकलं असतं तर पुस्तक तेव्हा तितकंच खपलं असतं, पण आज त्यावर कुणी भांडलं नसतं. वाचकाला हवं ते देणारा लेखक लोकप्रिय होतो. वाचकाला जे सलत राहतं ते देणारा लक्षात राहतो.

प्रसिद्धीचा जाच

१८६९ मध्ये घरावरचं सगळं कर्ज फिटलं. पुढच्या वर्षी थोरल्या बहिणीचा नवरा वारला. लुईसा तेव्हा रोममध्ये होती. तिथेच तिनं ‘लिटिल मेन’ लिहायला घेतलं, दोन्ही भाच्यांची सोय व्हावी म्हणून. ‘लिटिल विमेन’च्या नावावर आता तिचं काहीही खपत होतं, आणि हीच अडचण होती. प्रौढांसाठी गंभीर कादंबरी लिहावी ही तिची जुनी इच्छा. १८६४ ची ‘मूड्स’ तिनं फार जीव लावून लिहिली होती, पण लोकांना तिच्याकडून मुलांचीच पुस्तकं हवी होती. या लेखनाला ती खासगीत खिमट म्हणायची, म्हणजे लहानांना भरवायचं नीतीचं खिमट. १८७७ मध्ये तिनं पुन्हा एकदा सैतानाशी सौदा करणाऱ्या कवीची काळीकुट्ट कादंबरी लिहिली, पण निनावी.

तिच्यात एक विसंगतीही होती. १८७५ च्या ‘एट कझिन्स’मध्ये तिनं मुलांच्या सनसनाटी पुस्तकांवर टीका केली. रोख ऑलिव्हर ऑप्टिककडे होता हे सगळ्यांना समजलं, आणि ते चिडलेही. ए. एम. बर्नार्ड कोण हे त्यांना ठाऊक असतं, तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं?

चाहते ऑर्चर्ड हाऊसच्या दाराशी येऊन उभे राहायचे. ती मागच्या वाटेनं सटकायची. १८८६ च्या ‘जोज बॉइज’मध्ये तिनं याचा सूड घेतलाय. त्यातली ज्यो प्रसिद्ध लेखिका झालीये, आणि घरात घुसलेल्या चाहत्यांपासून वाचायला ती हातात फडकं घेऊन मोलकरीण असल्याचं सोंग करते. आजच्या कुठल्याही सेलिब्रिटीनं वाचावं असं प्रकरण आहे.

लिहून लिहून उजव्या हाताचा अंगठा आखडला, तेव्हा ती डाव्या हातानं लिहायला शिकली. १८७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये बायकांना फक्त शाळा समितीच्या निवडणुकीत मत देता येईल असा कायदा झाला. काँकॉर्डच्या मतदारयादीत नाव नोंदवणारी पहिली बाई लुईसा. पुढच्या मार्चमध्ये गावातल्या वीस बायकांनी मत दिलं.

त्याच वर्षाच्या शेवटी युरोपात धाकटी मे बाळंतपणानंतर वारली. पॅरिसच्या सलाँमध्ये चित्र लागलेली ही मे. तिची इच्छा होती की मुलीला लुईसानं वाढवावं. मावशीचंच नाव ठेवलेली ती तान्ही लुलू समुद्र ओलांडून बॉस्टनला आली आणि लग्न न केलेली लुईसा सत्तेचाळिसाव्या वर्षी आई झाली. वडील, बहीण, भाचे, लुलू, सगळा संसार तिच्या लेखणीवर. शेवटी तिनं एका भाच्याला कायदेशीर दत्तक घेतलं, कॉपीराइट घरातच राहावेत म्हणून. नाइल्सचा तो सल्ला ती विसरली नव्हती.

४ मार्च १८८८ ला वडील गेले. ६ मार्चला लुईसाही गेली. तिचं वय पंचावन्न. ज्यांच्याबरोबर तिचा जन्मदिवस एक होता, त्यांच्या मागोमाग दोनच दिवसांनी.

काँकॉर्डच्या दफनभूमीत एका टेकडीवर इमर्सन, थोरो आणि हॉथॉर्न यांच्या जवळ तिची कबर आहे. हॉथॉर्नही काँकॉर्डमधला शेजारीच. मोठमोठ्या विचारांच्या त्या पुरुषांमध्ये, घरातल्या चार पोरींची गोष्ट लिहिणारी ही बाई.

गेल्या महिन्यात आईची ती मुखपृष्ठ नसलेली प्रत मी होस्टेलवर आणली. रूममेट दोन रात्री जागून वाचत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता तिनं मला अडवलं आणि रागारागानं विचारलं, ज्योनं लॉरीला नाही का म्हटलं?

मी काहीच बोलले नाही. लुईसाकडे आणखी एक पत्र आलं, एवढंच मनात आलं.